साधी, निमआराम, मुक्कामी

बापू एसटीत वाहक म्हणून लागले आणि सातारा स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले. चौकशीच्या खिडकीत बसून माणसं ओळखायची जी खोड लागली ती लागलीच. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तो वडूजचा की वाईचा, त्याला गाडी हवी आहे की नुसतंच कोणावर तरी ओरडायचं आहे, हे त्यांना कळतं. आता खिडकी राहिली नाही, म्हणून ही कला ते आमच्या सोसायटीतल्या परदेशी जाऊ पाहणाऱ्या मंडळींवर चालवतात. कोणी सहलीचं माहितीपत्रक घेऊन लिफ्टमध्ये दिसला, की बापू त्याला घरी घेऊन जातात, माई चहाचं आधण ठेवतात आणि तपासणी सुरू होते.

अधिकार म्हणाल तर एकच. बापू आणि माई एकदा जपानला जाऊन आलेत. तेही नेहमीच्या सहलीनं नाही. नेहमीच्या सहलीत पुढे झेंडा, मागे चाळीस माणसं, सकाळी फुजीसमोर फोटो आणि रात्री पनीर. यांची सहल बारा जणांची होती. देवळात मुक्काम, चहाचा विधी, एका घरी जाऊन स्वयंपाक, गरम पाण्याच्या झऱ्यात आंघोळ असा सगळा सांस्कृतिक बेत. लेकीनं आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नाशीला परस्पर पैसे भरून टाकले होते. माहितीपत्रकावर छापलं होतं, 'जपान पाहू नका, जपान जगा!' त्या ओळीकडे बापू अजून संशयानं बघतात. "जगा म्हणजे काय हो? तिथल्या माणसाची जी अडचण, ती तुमची. हे बारीक अक्षरात तरी छापायला नको?"

ते बारीक अक्षरांचं खातं आता बापूंनी स्वतःकडे घेतलं आहे. व्हिसा, बँकेचं स्टेटमेंट, टीसीएस असल्या गोष्टींना ते हात लावत नाहीत. ते तिकीट खिडकीचं काम. बापू बघतात ते फक्त प्रवासी.

त्यांचा निकाल तीनपैकी एक असतो. झेंड्याच्या सहलीला ते 'साधी' म्हणतात. तिला कोणीही चालतं, कडेवरच्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजोबांपर्यंत. 'निमआराम' म्हणजे दिवसा संस्कृती, रात्री पलंग. आणि 'मुक्कामी' म्हणजे बापूंची ती बारा जणांची. आजच्या शहरी वाचकाला मुक्कामी गाडी ठाऊक असेलच असं नाही. शेवटची एसटी रात्री गावात पोचते, तिथंच राहते आणि पहाटे पहिली फेरी म्हणून परत निघते. चालक-वाहक गाडीत, शाळेच्या ओसरीवर नाहीतर मारुतीच्या देवळात पथारी टाकतात. बापूंनी तापोळा-बामणोलीकडच्या अशा गाड्या पुष्कळ केल्या. "देवळात झोपायचा आम्हाला भत्ता मिळायचा," ते सांगतात. "देवळात झोपायचे पैसे मी पहिल्यांदा जपानात मोजले."

बी विंगमधले बँकसाहेब तपासणीला आले, तेव्हा मी योगायोगानं तिथंच होतो. साहेब राष्ट्रीयीकृत बँकेतून झोनल मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, बरोबर वहिनी. साहेबांनी तयारी जय्यत केली होती. कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' दोनदा पाहिला होता, शिरीष पैंचे हायकू काढून पुन्हा वाचले होते. बसल्या बसल्या म्हणाले, "आम्हाला दोघांनाही संस्कृतीची अतिशय आवड आहे."

"ते असू द्या," बापू म्हणाले. "रात्री किती वेळा उठता?"

साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी छताकडे.

"दोनदा," साहेब म्हणाले. "क्वचित तीनदा."

"घोरता?"

"नाही."

"घोरतात," वहिनी म्हणाल्या.

बापूंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी कोयासान समजावून सांगितलं. ओसाकाच्या दक्षिणेला डोंगरात वसलेलं देवळांचं गाव. ८१६ साली तिथल्या सम्राटानं कुकाई नावाच्या साधूला ही जागा दिली. आज तिथं ११७ देवळं आहेत आणि त्यातल्या पन्नासएक ठिकाणी पाहुण्यांची राहायची सोय होते. २००४ पासून ते सगळं युनेस्कोच्या यादीतही आहे. "पण यादी झोपायच्या कामाची नाही," बापू म्हणाले. "झोपायचं चटईवर गादी टाकून. दार म्हणजे कागद लावलेली सरकती चौकट, कडी नाही, कुलूप नाही. पलीकडे आमचे नाशिकचे द्राक्षबागाईतदार. ते कुशीवर वळले की मला कळायचं. संडास बोळाच्या टोकाला. एप्रिलातही असा गारठा की अंगावर घोंगडं घेऊन निघायचं. पोचल्यावर मात्र संडासाची सीट गरम असते. उठवत नाही. मागे रांग."

"ॲडजस्ट करू की," साहेब म्हणाले.

"उत्तम. आता खाली बसा. वज्रासनात. हं. आता उठा, हात न टेकता."

साहेब बसले झोकात. उठताना त्यांनी आधी सोफ्याकडे पाहिलं, मग टीपॉयकडे, मग माझ्याकडे. मी हात पुढे केला तर बापूंनी डोळ्यांनी दटावलं. शेवटी साहेब चार पायांवर आले आणि तिथून टप्प्याटप्प्यानं माणसात. चहाच्या विधीला असं पाऊण तास बसायचं असतं, बापूंनी सांगितलं. जुन्या पद्धतीच्या चहाघराचं दारच दोन-सव्वादोन फुटांचं, रांगत आत जायचं. सामुराई असला तरी तलवार बाहेर ठेवून रांगतच. मग आधी मिठाई खायची, नंतर तो हिरवा कडू चहा. वाडगा हातात फिरवून घ्यायचा. कोणी घाई करत नाही, घड्याळ बघत नाही. साहेबांनी विचारलं, खुर्ची मिळत नाही का? मिळते. परदेशी पाहुण्यांसाठी टेबल-खुर्चीवरच्या चहाची पद्धत क्योतोतल्या चहाच्या घराण्यानं १८७२ सालीच बसवली. "म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी त्यांना कळलंय की पाहुण्याला गुडघे असतात," बापू म्हणाले. "आपल्या सहल कंपन्यांना अजून कळायचंय."

पुढचा प्रश्न बापू नेहमी आवाज उतरवून विचारतात. "चारचौघांत आंघोळ केलीय?"

"लहानपणी. माहुलीला, संगमावर."

"चड्डी होती?"

"अर्थात!"

"इथं नसते."

ओन्सेनचं, म्हणजे त्या गरम पाण्याच्या झऱ्यातल्या आंघोळीचं, प्रकरण बापू फार रंगवून सांगतात, मी थोडक्यात आवरतो. बायका वेगळ्या, पुरुष वेगळे. कपडे सगळे बाहेर. आधी ठेंगण्या स्टुलावर बसून साबणानं खसखसून अंग धुवायचं, साबणाचा अंश राहता कामा नये, मगच पाण्यात उतरायचं. पाणी धुण्यासाठी नाही, नुसतं बसण्यासाठी. रुमालाएवढा एक टॉवेल मिळतो, तो पाण्याला लागू द्यायचा नाही, म्हणून लोक घडी करून डोक्यावर ठेवतात. "आता विचार करा," बापू म्हणाले, "त्या पाण्यात तुमच्यासमोर कोण बसलंय? जपानी माणूस नाही. त्याची काही लाज वाटत नाही, तो आयुष्यात परत भेटणार नाही. समोर बसलाय आपल्याच सहलीतला, डोक्यावर टॉवेल ठेवलेला, सांगलीचा निवृत्त प्राचार्य. उद्या सकाळी त्याच्याशीच नाश्त्याला बोलायचंय."

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, प्राचार्य त्यांना स्पष्ट दिसत असावेत.

अशा सहलींच्या जाहिरातीत प्रवाशासाठी प्रश्न दिलेले असतात. तुम्हाला नव्या अनुभवांची ओढ आहे का? तुमचं मन खुलं आहे का? तुम्हाला वेगळ्या जीवनशैलीबद्दल कुतूहल आहे का? यातल्या एकालाही 'नाही' म्हणणारा माणूस महाराष्ट्रात जन्मला नसावा. आपण सगळे खुल्या मनाचेच आहोत, विचारून बघा. बापूंच्या प्रश्नांना मात्र खोटं उत्तर देता येत नाही, कारण बायको शेजारी बसलेली असते. संस्कृती म्हणजे चित्रं, नृत्यं, देवळं असं आपण धरून चालतो. ती बघायला तिकीट पुरतं. पण तिच्यात राहायचं म्हटलं की ती आधी गुडघ्यांना, पोटाला आणि लाजेला भेटते. कुरोसावा त्यानंतर.

पोटाचं घ्या. वहिनी माळकरी घरातल्या, अंडंसुद्धा नाही. साहेबांना मात्र रविवारी मटणाचा रस्सा लागतो. सगळ्यांना वाटलं, अडचण वहिनींची. बापूंनी ते उलटं करून दाखवलं. टोकियोत वहिनींचे हाल, हे खरं. जपानात जिथं मासा दिसत नाही तिथंही तो असतो. सुकवून खडखडीत केलेल्या बोनिटो माशाचा कीस पाण्यात उकळून जो अर्क निघतो तो सुपात, नूडल्सच्या रश्शात, उकडलेल्या भाजीत, कशातही पडतो. बिचारा वाढणारा मनापासून म्हणतो, यात मासा नाही. त्याच्या लेखी तो मासा नसतोच, चव असते. पण कोयासानला देवळातलं जेवण शुद्ध शाकाहारी. कांदा नाही, लसूण नाही, अर्क काढायचा तोही समुद्रवनस्पतीचा किंवा अळिंबीचा. तिळाच्या दुधाचं खरवसासारखं थरथरतं तोफू, रस्सा शोषून स्पंजासारखं फुगलेलं सुकवलेलं तोफू, लोणचं, भात. चातुर्मास पाळणाऱ्या वहिनींना तिथं माहेर. आणि साहेबांना संध्याकाळी साडेपाचला जेवण आटोपून पुढे रात्रभर पोटात तीळ.

"मी राहीन की एक दिवस," साहेब म्हणाले.

"दोन," बापू म्हणाले. "मेतकूट न्या."

हा सल्ला माईंच्या अनुभवाचा. माईंनी तिथल्या भातावर मेतकूट कालवलं तेव्हा ताट उचलायला आलेला तरुण साधू घुटमळला. माईंनी पुडी पुढे केली. त्यानं वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि कमरेतून वाकला. माईंना वाटलं पुडी परत करायला सांगतोय, म्हणून त्याही वाकल्या. तो आणखी वाकला. शेवटी पुडी त्याच्याकडेच राहिली.

शेवटचा प्रश्न सहप्रवाशांचा, आणि माझ्या मते सगळ्यात पोचलेला. "वऱ्हाडाच्या गाडीत तुम्ही बसणारे की गाडी थांबवणारे?" चाळीस माणसांत एखादा आगाऊ असला तर तो शेवटच्या सीटवर हरवून जातो. बारा जणांत तो रोज समोरच बसतो. बापूंच्या गटात एक गृहस्थ दुभाषी बाईंना जपानचा इतिहास समजावून सांगायचे. एक बाई क्योतोच्या निशिकी बाजारात प्रत्येक दुकानी भाव करायच्या, न कळणाऱ्या भाषेत, आणि दोन ठिकाणी यशस्वी झाल्या. एकजण रस्त्यात कचऱ्याचा डबा मिळत नाही म्हणून केळ्याची सालं खिशात घेऊन हिंडला. १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर सार्वजनिक ठिकाणचे पुष्कळ डबे काढून टाकले, आणि लोकांना आपला कचरा घरी न्यायची सवय झाली. त्या गृहस्थांना ही माहिती संध्याकाळी मिळाली. तोवर खिसा मऊ झाला होता.

साहेबांनी कबूल केलं की ते गाडी थांबवणाऱ्यांपैकी आहेत. बापूंनी वही मिटली. "निमआराम," ते म्हणाले. "वहिनींना मुक्कामी चालेल."

साहेबांचा चेहरा पडला. कर्ज नाकारलेला माणूस कसा दिसतो हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, आज तसं दिसायची पाळी त्यांची होती.

ते गेल्यावर माई कप उचलायला आल्या. "सगळ्यांना खाली बसवतात," मला म्हणाल्या, "पण चहाच्या दिवशी हे कुठं होते ते विचारा."

बापूंनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

झालं होतं असं. क्योतोत चहाच्या विधीच्या दिवशी बापू गुडघा दुखतो म्हणून मागे राहिले. अकरा जण रांगत चहाघरात गेले आणि बापू चालत स्टेशनवर. तिथं त्यांनी प्लॅटफॉर्मचं तिकीट काढलं आणि बुलेट ट्रेन बघत उभे राहिले. गाडीचं कौतुक नव्हतं, ती १९६४ पासून धावते आहे, बापूंना तिचं वेळापत्रक इथूनच पाठ होतं. त्यांना बघायचा होता फलाटावरचा माणूस. पांढरे हातमोजे घातलेला तो कर्मचारी गाडी यायच्या आधी बोट रोखून रुळांकडे दाखवतो आणि मोठ्यानं काहीतरी म्हणतो. मग सिग्नलकडे बोट, पुन्हा मोठ्यानं. मग दारांकडे. आसपास ऐकणारं कोणी नसलं तरी. डोळ्यानं बघायचं, बोटानं दाखवायचं, तोंडानं म्हणायचं, म्हणजे सवयीनं चूक होत नाही. जपानी रेल्वेत ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. बापू दोन तास तिथं उभे होते. गाडी सुटताना त्या माणसानं शिट्टी मारली आणि बापूंच्या तोंडून आपसूक डबल बेल गेली. टिंग टिंग. तो माणूस वळला. बापूंनी सलाम केला. त्यानं टोपीला हात लावला. पुढच्या गाडीच्या वेळी, बापू शपथेवर सांगतात, त्यानं बोट दाखवण्याआधी एकदा यांच्याकडे पाहिलं.

"ह्यांना शोधून शोधून टूर मॅनेजरची दातखीळ बसली," माई म्हणाल्या.

"वीस सेकंद गाडी आधी सुटली तर माफी मागणारी माणसं आहेत ती," बापू खिडकीकडेच बघत म्हणाले. हे खरं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोजवळची त्सुकुबा एक्स्प्रेसची एक गाडी एका स्थानकातून वीस सेकंद लवकर सुटली आणि कंपनीनं जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ती बातमी बापूंनी कापून देवघराशेजारी लावली आहे.

तेव्हापासून बापू घरात बोट दाखवून बोलतात. बाहेर पडताना दारात उभे राहतात, उजवा हात ताठ करतात आणि ओरडतात, "गॅस, बंद! गीझर, बंद! किल्ली, खिशात! माई, बाहेर!" नातवंडं सुट्टीत आली की तीही ओरडतात. सगळा जिना दणाणतो. पण गेल्या पावसाळ्यात गॅस चालू ठेवून कोण बाहेर गेलं आणि कोणाच्या घरी बंब आला, ते घर बापूंचं नव्हतं एवढंच सांगतो.

कोयासानला जातानाही बापूंना देवळाआधी भेटली ती बसच. ओसाकाहून आगगाडी, मग डोंगर चढणारी दोरगाडी, आणि वरच्या स्टेशनापासून गावापर्यंतच्या रस्त्यावर पायी जायला मनाई, फक्त बस. "एवढं सगळं करून देवाच्या दारात शेवटी कोण सोडतं?" ते छाती काढून विचारतात. आपण उत्तर द्यायचं असतं.

बापूंच्या तपासणीत एक मोठी खोट आहे. माणूस कशासाठी निघाला हे ते विचारत नाहीत. स्टँडवर हा प्रश्न विचारायचा नसतो, पंढरपूरला निघालेला आणि पोलीस ठाण्यात निघालेला दोघांचं तिकीट सारखंच. ही खोट उघडी पाडली तिसऱ्या मजल्यावरच्या आक्कांनी.

आक्का पंचाहत्तरीच्या पुढच्या. माईंची वाटी परत द्यायला आल्या आणि बोलणं कानावर पडलं म्हणून टेकल्या. बापू तेव्हा ओकुनोइनचं वर्णन करत होते. कोयासानचं ते समाधिस्थळ, उंच सुरूसारख्या झाडांतून जाणारी दोन किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना दोन लाखांहून जास्त समाध्या, आणि शेवटी कुकाईचं स्थान. कुकाई ८३५ साली गेला असं तिथले लोक म्हणतच नाहीत. तो ध्यानाला बसला आहे. रोज सकाळी दोन वेळा साधू त्याच्यासाठी शिजवलेलं जेवण पेटीतून घेऊन जातात.

"म्हणजे संजीवन समाधी," आक्का म्हणाल्या.

"तसंच."

"मग आळंदीच की रे. त्याला विसा कशाला काढायचा?"

बापूंकडे उत्तर नव्हतं. सातारहून आळंदीला गाड्या किती वाजता आहेत हे त्यांना पाठ होतं, पण ते सांगणं बरं दिसलं नसतं. म्हणून त्यांनी आणखी माहिती पुरवली. तिथं सरदारांच्या समाध्या आहेत तशा कंपन्यांच्याही आहेत, आपल्या कामगारांसाठी बांधलेल्या. एक तर अग्निबाणाच्या आकाराची आहे. आणि एक वाळवीची.

"कुणाची?"

"वाळवीची. वाळवी मारणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं बांधलीय. त्यांनी मारलेल्या वाळवीसाठी."

आक्कांनी वाटी खाली ठेवली. कऱ्हाडकडच्या त्यांच्या गावच्या घराचं अर्धं माजघर वाळवीनं खाल्लं होतं. सासऱ्यांच्या हातची सागवानी तुळई त्यांच्यादेखत पिठासारखी गळाली होती. "मारायची त्यांनीच," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि समाधी पण बांधायची त्यांनीच?"

"हो."

"नमस्कार पण करतात?"

"करतात."

"मग ती माणसं बघितली पाहिजेत रे मला."

बापूंनी वही उघडली, पण त्यांचा हात चाचरत होता. गुडघ्यांत आक्का सपशेल नापास. खाली बसणंच नाही, तर उठायचा प्रश्न कुठला. रात्री किती वेळा उठता? "मोजत नाही." चारचौघांत आंघोळ? आक्कांनी वारीतले टँकर सांगायला सुरुवात केल्यावर बापूंनी घाईनं पान उलटलं. घोरणाऱ्यांत झोप येते का? शाळेच्या एका वर्गात साठ बायका झोपतात, कोण घोरतं ते सकाळी ज्याचं त्यालाही ठाऊक नसतं. सहप्रवासी? "दिंडीत कोण येणार ते काय आपण ठरवतो?"

राहिला एकच अडसर, आणि तो बापूंच्या यादीत नव्हताच. आक्कांच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण आहे, तुळशीवृंदावन, विंचू, नवऱ्याचं नाव. ओन्सेनमध्ये गोंदलेल्या माणसाला पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत, कारण तिकडे अंगभर गोंदून घ्यायची चाल याकुझा म्हणवणाऱ्या गुंडांची. बापूंनी हे सांगितल्यावर आक्का इतक्या हसल्या की माईंना पाणी आणावं लागलं. झाकायला कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या मिळतात, पण आक्कांना त्या लावायच्या तर डबाभर लागतील. शेवटी तासाच्या भाड्यानं घेता येणारं एकट्यापुरतं न्हाणीघर हा मार्ग निघाला. बापूंनी वहीत निकाल लिहिला. मी डोकावून पाहिलं. साधी नाही, निमआराम नाही, मुक्कामी नाही. लिहिलं होतं, 'जादा'. यात्रेला गर्दी वाढली की वेळापत्रकात नसलेली जी गाडी सोडतात, ती.

मलाही त्यांनी एकदा तपासलं होतं. "तुमचं विनंती थांब्याचं काम," म्हणाले. "कोणी हात केला तर थांबणार. एरवी नाही." अजून कोणी हात केलेला नाही.

बँकसाहेबांना निमआराम फार लागलं. रागारागानं त्यांनी मुक्कामीचेच पैसे भरले. ऑक्टोबरची तारीख मिळाली, त्याच तारखेला आक्का. निघायच्या आदल्या संध्याकाळी बापूंनी फाटकात उभं राहून तिघांच्या सामानाकडे बोट रोखलं. "पासपोर्ट, आहे! गोळ्या, आहेत! मेतकूट, आहे!" रिक्षावाला घाबरून खाली उतरला.

पुढचं मला बापूंनीच सकाळच्या फेरफटक्यात सांगितलं. पहाटे साडेतीनच्या सुमाराला त्यांचा मोबाईल वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर साहेबांचं फक्त कपाळ.

"बापू," साहेब कुजबुजले, "उठता येत नाहीये."

"कुठून?"

"देवळात. सकाळच्या प्रार्थनेला बसलो होतो."

"संपली का?"

"मघाशीच. सगळे नाश्त्याला गेले. एक साधू झाडू घेऊन उभा आहे. तो काही बोलत नाही, नुसता वाकतो. मग मीही वाकतो. तेवढंच येतंय मला आता."

"खुर्ची होती ना?"

"होती. आक्का बसल्या होत्या एकीवर. मलाही म्हणाल्या, घ्या. मी म्हटलं, आम्ही जपान जगायला आलोय."

बापूंनी चष्मा लावला, अंथरुणात उठून बसले आणि पडद्याकडे बोट रोखलं. "दोन्ही तळवे, जमिनीवर!"

"पण हात टेकायचे नव्हते ना?"

"ती परीक्षा साताऱ्यात होती. आता टेका. उजवा गुडघा, पुढे! डावा—"

"ह्यांना म्हणावं," माई पांघरुणातून म्हणाल्या, "तो साधू मागच्या वेळचाच असेल तर आक्कांकडून एक पुडी मागून घ्या. दोन दिल्यात मी."